आउटबोर्ड इंजिनच्या पंख्याचा नट नेमका किती आवळायचा?

देवबागचा_सागर | २४ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. परवा कर्ली खाडीत माझ्या होडीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनचा पंखा (प्रोपेलर) गेला. वाकला नाही, तुटला नाही, अख्खाच्या अख्खा निघून पाण्यात गेला.

झालं असं. संगमाजवळ सुकती (ओहोटी) लागली होती आणि होडीत आठ पर्यटक. नाळ (होडीचं पुढचं टोक) वाळूवर टेकली म्हणून रिव्हर्स टाकला. इंजिन एकदम किंचाळलं आणि होडी तसूभर हलली नाही. बंद करून वर उचललं तर नुसता शाफ्ट. नट नाही, नट अडवणारी पिन नाही, काही नाही. तेवढ्यात एक लाट आली, होडी वाळूवरून सुटली आणि सुकतीच्या ओढीने खाडीच्या मुखाकडे निघाली. नांगर टाकला, तो सुदैवाने धरला. शेजारच्या होडीवाल्याने दोर टाकून आम्हाला किनाऱ्याला आणलं. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दहा मिनिटांत एक लहान मुलगी आईला बिलगून माझ्या तोंडाकडे बघत होती, ते काही केल्या विसरता येत नाही.

हा पंखा नवा होता. महिन्याभरापूर्वीच बसवला. मेकॅनिकने माझ्यासमोर लांब पान्याने पूर्ण जोर लावून नट आवळला, पिन घातली. तरी गेला. पंधरा दिवसांपासून गिअर टाकताना 'टक्' असा आवाज यायचा, मला वाटलं गिअरचाच असेल.

आता होडी वर ओढली आहे. दुसरा पंखा मागवायच्या आधी नीट समजून घ्यायचं आहे. कुणी सांगतं जमेल तितका आवळ. कुणी सांगतं हाताने बसव आणि पाव फेरा दे, पुढचं काम तो चालताना स्वतःच करतो. खरं काय? इंजिन ४० एचपी, फोर-स्ट्रोक.

खाडीकर | २४ मे, रात्री ९:४०

जीव वाचले, बाकी सगळं भरून येईल. नांगर हाताशी ठेवला होतास, त्याबद्दल आधी शाबासकी. अनेक जण तो फळीखाली कुठेतरी कोंबून ठेवतात.

जलयंत्र | २४ मे, रात्री १०:२५

सागर, प्रश्न अगदी योग्य विचारला आहेत. मी बोटींच्या इंजिनांवर बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किती आवळायचा, याचा आकडा प्रत्येक इंजिनच्या पुस्तिकेत दिलेला असतो. यामाहाच्या ४० एचपी फोर-स्ट्रोकला ३५ न्यूटन-मीटर आहे. त्याच कंपनीच्या १५-२० एचपीला १७. मर्क्युरीच्या मोठ्या इंजिनांना ७५. म्हणजे कंपनी आणि मॉडेल बदललं की आकडा बदलतो, शेजाऱ्याचा आकडा आपल्याला चालेलच असं नाही. तुमच्या इंजिनचं पुस्तक काढा आणि त्यातलाच आकडा धरा.

३५ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साडेतीन किलोंचा जोर. नटाच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर पाना धरला तर तिथे १४ किलोंचा जोर. एवढंच. 'पूर्ण जोर लावून' हे त्याच्या कितीतरी पुढे जातं. पान्याला पाइप लावून ६० सेंटिमीटरवर सत्तर किलोचा माणूस लटकला तर तो आकडा बारा पट होतो. शाफ्टचे आटे त्यासाठी केलेले नसतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुढे जाताना पंखा पाणी मागे ढकलतो आणि स्वतः इंजिनकडे रेटला जातो. तो रेटा नटावर येत नाही, पंख्याच्या पुढे जो जाड थ्रस्ट वॉशर असतो त्याच्यावर येतो. फिरवण्याचं काम शाफ्टवरच्या दातऱ्यांचं, म्हणजे स्प्लाइनचं. नट कामाला लागतो तो रिव्हर्समध्ये, कारण तेव्हा पंखा शाफ्टवरून मागे निसटू बघतो. म्हणून सैल पंखा दिवसभर पुढे चालतो आणि रिव्हर्स टाकल्याबरोबर जातो. तुमचंही तसंच झालं.

मालवणी_तांडेल | २४ मे, रात्री ११:०२

झिला, पंखो गेलो तर जावंदे, माणसा वाचली ह्या नशीब.

आमच्या वक्ताक खयचो टॉर्क नि खयचो काय. माझो बापूस हातान नट बसवायचो, मगे वीतभर पान्यान एकदा कसायचो, की झाला. चाळीस वर्सात एक पंखो गेलो नाय. पण एक होता. पिन दरवेळी नवी. जुनी पिन सरळ करून परत घालूक तो कोणाक देय नाय. ती पिन तुझ्या मेकॅनिकान नवी घातल्यान काय जुनीच?

आणि ता टक् टक् करी होता तेव्हा पंखो हातान धरून हलवून बघललंस?

देवबागचा_सागर | २५ मे, सकाळी ७:१५

जलयंत्र सर, रिव्हर्सचं आता लख्ख डोक्यात गेलं. तांडेलकाका, पिन नवी होती की जुनी ते मी बघितलं नाही. हलवूनही बघितला नाही. चुकलंच.

रेवस_करंजा | २५ मे, सकाळी ८:५०

आमच्या घरच्या दोन होड्या आहेत. बाबा आणि भाऊ समुद्रावर जातात, इंजिनांची देखभाल मी बघते. तांडेलकाकांच्या वीतभर पान्याचा अनुभव आणि जलयंत्र यांचा आकडा यांत मला भांडण दिसत नाही. वीतभर पाना म्हणजे वीस सेंटिमीटर, त्यावर धडधाकट माणूस एका हाताने ओढणार १५-२० किलो. हिशेब तिथेच येतो! काकांच्या वडिलांचा हातच टॉर्क पाना होता.

ज्यांचा हात तसा बसलेला नाही त्यांच्यासाठी आमच्या घरातली रीत सांगते. टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, महाग पडतो, पण मासळी तोलायचा हुकाचा काटा प्रत्येकाकडे असतो. पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करायची, तिथे काट्याचा हूक अडकवायचा आणि पान्याला काटकोनात सावकाश ओढायचं. आकडा ३५ असेल तर काटा १४ किलो दाखवेल तिथे थांबायचं. हूक घसरू नये म्हणून खुणेवर सुतळीचे चार वेढे देते. आणि पंखा फिरू नये म्हणून पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा. पातं हाताने धरून नट आवळायचा नाही, कधीच नाही.

कोळीवाडा_एक्स्प्रेस | २५ मे, सकाळी ९:३०

काट्याची आयडिया भारी! आता आमच्या घरी पापलेट आणि पंखा एकाच काट्यावर.

उजनीकाठ | २५ मे, सकाळी ११:१०

आमच्याकडे खारं पाणी नाही. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला लोक येतात, तेव्हा छोटी इंजिनं चालतात. आमचा त्रास जलपर्णीचा. मुळं पंख्याभोवती गुंडाळतात, सोडवायला सारखा गिअर मागे-पुढे करावा लागतो. जलयंत्र यांनी रिव्हर्सचं सांगितल्यावर कळलं की आमचे नट इतके लवकर सैल का होतात.

एक विचारतो. माझ्या २ एचपीच्या जुन्या इंजिनला नटच नाही, नुसती आडवी पिन आहे. ती आवळायची कशी?

जलयंत्र | २५ मे, दुपारी १२:०५

उजनीकाठ, तिथे आवळायचं काहीच नाही. तुमच्या इंजिनमध्ये शाफ्टमधून आरपार जाणारी एक शिअर पिन असते, ती पंख्याला फिरवते. दगड लागला की ती मुद्दाम मोडते, म्हणजे आतले गिअर वाचतात. टोकाला जी दुमडलेली पिन आहे ती फक्त पंखा बाहेर येऊ देत नाही. दोन्ही पिना जास्तीच्या होडीत ठेवा. आणि शिअर पिन मोडली म्हणून तिच्या जागी खिळा किंवा ड्रिलचा तुकडा घालू नका. पुढच्या दगडाला पिन मोडणार नाही, गिअर मोडतील.

मांडवी_नाखवा | २५ मे, दुपारी १:४०

पणजीहून. माझं मत थोडं वेगळं. आमच्या मेकॅनिकने इम्पॅक्ट गनने (यंत्रावर चालणाऱ्या पान्याने) नट मारायला सुरुवात केल्यापासून एकही सुटला नाही. हाताच्या आकड्यांत वेळ कशाला घालवायचा? वरून लाल थ्रेडलॉक (आटे चिकटवून टाकणारा द्रव) लावला की विषयच संपला.

रेवस_करंजा | २५ मे, दुपारी २:१५

नाखवा, सुटला नाही हे खरं असेल, पण समुद्रात सोडवायची वेळ आली आहे का कधी? दोन वर्षांपूर्वी आमच्या पंख्यात अर्धं जाळं गेलं, किनाऱ्यापासून लांब. भावाने ठोकळा लावला, पाना लावला, पाच मिनिटांत पंखा काढून जाळं कापलं. नट गनने मारलेला आणि वर लाल थ्रेडलॉक असता तर त्याने तिथे काय केलं असतं? तो नट त्या हेलकाव्यांत एका माणसाच्या हाताने निघालाच पाहिजे.

मांडवी_नाखवा | २५ मे, दुपारी २:५०

हे मान्य. असा विचार केला नव्हता. आम्ही नदीतच असतो, कुणीतरी ओढून नेतं.

पण आणखी एक सांगून ठेवतो, कारण यात मी स्वतः पैसे घालवले आहेत. इंजिन जोरात फिरतं आणि होडी हलत नाही, म्हणजे दरवेळी नटच सैल असतो असं नाही. पंख्याच्या पोटात रबराचं बुश असतं. ते सुटलं तर आतला भाग फिरतो आणि पाती जागीच राहतात. मी तीनदा नट आवळून घेतला, चौथ्यांदा कळलं की रबर गेलंय.

जलयंत्र | २५ मे, दुपारी ३:३०

अगदी बरोबर, आणि ओळखायची सोपी खूण आहे. पंख्याच्या मागच्या तोंडावर आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. एक चक्कर मारून या. रेघ तुटून दोन ठिकाणी दिसली की बुश सुटलं. सरळ राहिली तर दुसरीकडे शोधा.

रेवस_करंजा | २५ मे, दुपारी ३:४५

रेघेवरून आठवलं. पिन घातल्यावर मी नट आणि शाफ्टवर मिळून नेलपेंटची एक रेघ ओढते, लाल. रोज सकाळी भाऊ इंजिन वर करतो तेव्हा एका नजरेत कळतं, नट हलला का ते. नेलपेंट खाऱ्या पाण्यात बरेच दिवस टिकतं.

कृष्णाकाठचा | २५ मे, सायंकाळी ६:२०

मी सांगलीचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रबरी बोटीवर मदतीला होतो. पुराच्या पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही. कुंपणाची तार, दुचाकी, उसाचं पाचट, सगळं पंख्याला लागतं. एका दिवसात दोनदा पंखा बदलला आहे, तोही अंधारात.

तेव्हापासून इंजिनला एक छोटी पिशवी बांधलेली असते. नट एक, पिना चार, थ्रस्ट वॉशर एक, पाना, पक्कड, ठोकळा. पाना आणि पक्कड दोरीने पिशवीलाच बांधलेले, म्हणजे हातातून सुटले तरी पाण्यात जात नाहीत. आणि नट काढायच्या आधी पंख्याखाली गोणपाट धरायचं. दोन बोटांतून निसटलेला नट पुराच्या पाण्यात कुणाला सापडलाय?

पंख्याला हात लावायच्या आधी इंजिन न्यूट्रलला, चावी काढून खिशात, इंजिन बंद करणारी लाल दोरीची क्लिप काढलेली, आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही काढलेल्या. आमच्यातल्या एकाने हे न करता पंखा हाताने फिरवला आणि इंजिनने एक झटका घेतला. बोट वाचलं, पण नख गेलं.

खाडीकर | २५ मे, सायंकाळी ७:००

कृष्णाकाठचा यांच्या पिशवीला +१. आजच बांधतो.

तारकर्लीचो_बाब्या | २५ मे, रात्री ८:१५

मला एक शंका. नट आकड्याप्रमाणे आवळला, पण पिन घालायची नटाची खाच आणि शाफ्टचं भोक समोरासमोर आलं नाही, तर? मी आजवर थोडा सैल करून जुळवत आलो आहे.

जलयंत्र | २५ मे, रात्री ८:४०

नाही, सैल करायचा नाही. आधी आकड्यापर्यंत आवळायचा आणि मग पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत आणखी आवळायचा. सैल केलात की आकड्याला अर्थ उरला नाही. पिन घातल्यावर तिचे दोन्ही पाय पूर्ण वळवायचे. पाय अर्धे उभे राहिले तर तंगूस (गळाची नायलॉन दोरी) त्यातच अडकतं आणि पिन ओढून काढतं.

पिन स्टेनलेसची. घरातली तार, सायकलची तार, खिळा, यातलं काहीही नाही. साधं लोखंड खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला मी सांगायला नको. नायलॉनचं कडं असलेला नट असेल आणि तो हातानेच शेवटपर्यंत फिरायला लागला, तर त्याचं नायलॉन संपलं. तो फेकायचा.

ऑकलंडवासी | २६ मे, पहाटे ४:३०

इथे न्यूझीलंडला हौराकी गल्फमध्ये माझी छोटी ॲल्युमिनियमची होडी आहे, सुट्टीला मासे पकडायला जातो. माझं ऐकाल तर पंखा किती आवळला यापेक्षा तो शेवटचा कधी काढला होता हे जास्त बघा. गळाचा तंगूस पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळतो, तिथून आत सरकतो आणि ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी कडी) कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गिअर ऑइल काढल्यावर ते दुधासारखं पांढुरकं निघालं तेव्हा मला कळलं की पाणी आत गेलंय. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी पंखा काढतो, शाफ्ट पुसतो, नवीन मरीन ग्रीस लावतो.

ग्रीस स्प्लाइनवर भरपूर. नाहीतर वर्षाने पंखा शाफ्टला असा चिकटतो की पुलर (ओढून काढायचं अवजार) लावावा लागतो. आट्यांवर मात्र मी लावत नाही, ग्रीसमुळे त्याच आकड्याला नट जास्त आवळला जातो.

मालवणी_तांडेल | २६ मे, सकाळी ६:५०

आट्यांवर बोटभर ग्रीस लावल्याशिवाय खाऱ्या पाण्यात नट सुटूचो नाय रे बाबा. तुमच्या थंय पाणी वेगळा असात.

जलयंत्र | २६ मे, सकाळी ९:१०

दोघांचंही कारण खरं आहे. पुस्तिकेत आट्यांना ग्रीस सांगितलं असेल तर आकडा त्याच हिशेबाने दिलेला असतो. माझं म्हणाल तर खाऱ्या पाण्यात बोटाला लागेल इतकं पुसटसं लावतो आणि खाच जुळवण्यापुरतं सोडलं तर आकड्याच्या वर जात नाही.

बरं सागर, तांडेलकाकांनी पहिल्याच रात्री विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. 'टक्' आवाज. नट लांब पान्याने, पूर्ण जोराने आवळला होता असं तुम्ही म्हणता. मग पंखा हलत का होता? दोन्ही एकदम खरं कसं असेल? पंखा बसवलेला असतानाचा एखादा फोटो आहे का? नटाच्या मागे शाफ्टचे किती आटे दिसत होते ते हवं आहे.

देवबागचा_सागर | २६ मे, सकाळी ११:३०

एका पर्यटकाने काढलेला आहे, होडी किनाऱ्यावर असताना. मोठा करून बघितला. नटाच्या बाहेर बराच शाफ्ट दिसतोय, बोटाचं अर्धं पेर तरी. आणि पिन नटाच्या खाचेत नाही! ती नटाच्या मागे, मोकळ्या शाफ्टमध्ये आहे. हे मी रोज बघत होतो आणि कळलं नाही.

जलयंत्र | २६ मे, सकाळी ११:५०

मग नट नको तितका पुढे गेला होता. म्हणजे पंखाही नको तितका पुढे बसला होता. पिन खाचेच्या मागे राहिली, तिने नटाला अडवलंच नाही. पण पंखा इतका पुढे जाईल कसा?

रेवस_करंजा | २६ मे, दुपारी १२:०५

थ्रस्ट वॉशर!

सागर, नवीन पंख्याबरोबर तो बहुतेक वेळा येत नाही, इंजिनचा जुनाच वापरायचा असतो. आणि जुना पंखा काढताना तो शाफ्टवर राहत नाही, घट्ट झालेल्या ग्रीसमुळे पंख्याच्या पोटातच चिकटून बाहेर येतो. माझ्या हातून एकदा झालंय, खाली ठेवलेला पंखा उचलताना दिसला म्हणून वाचले. तुझा जुना पंखा कुठे आहे?

मालवणी_तांडेल | २६ मे, दुपारी १२:२०

ताच! वायसर खंय आसा ता बघ आदी.

जलयंत्र | २६ मे, दुपारी १२:३५

रेवस, तुम्ही बरोबर पकडलंत. वॉशर नसेल तर सगळा उलगडा होतो. नट पंख्यावर दाबला जायच्या आधीच आट्यांच्या शेवटाला जाऊन अडकला. मेकॅनिकचा पाना तिथे घट्ट लागला, त्याला वाटलं पंखा घट्ट झाला. त्याने टॉर्क पाना वापरला असता तरी त्यानेही बरोबर ३५ दाखवले असते. पंखा मात्र मोकळाच होता. पुढे टाकला की पुढे आदळायचा, रिव्हर्सला मागे, हाच तुमचा 'टक्'. नट मागे येऊन पिनेवर थांबला असणार, पिनेने काही दिवस मार खाल्ला आणि मग ती तुटली.

एक खूण तपासा. गिअरकेसच्या (पंख्यापुढच्या गिअरच्या डब्याच्या) मागच्या तोंडावर पंखा घासल्याची चकचकीत गोल रेघ आहे का?

देवबागचा_सागर | २६ मे, दुपारी ३:१०

आत्ताच होडीकडून आलो. रेघ आहे. रंग गेलेला आणि खाली पांढरा धातू चमकतोय, बांगडीसारखा गोल.

मग घरी येऊन माळ्यावर चढलो. जुना पंखा गोणीत गुंडाळून ठेवला होता, एक पातं वाकलेलं म्हणून बदलला होता. आत बोट घातलं तर नुसतं काळं, मेणासारखं झालेलं ग्रीस. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं आणि आतून पितळी कडा दिसली. लाकडी दांड्याने मागून हलके ठोके दिले तेव्हा वॉशर निघाला. एका बाजूने तिरपा, दुसऱ्या बाजूने सपाट. रॉकेलने धुतला, झळझळीत झाला. आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. एवढ्याशा वस्तूपायी आठ माणसं मुखाकडे वाहत चालली होती.

मेकॅनिकला फोन केला. चांगला माणूस आहे, त्यालाही वाईट वाटलं. म्हणाला, त्या दिवशी चार इंजिनं रांगेत होती.

कोळीवाडा_एक्स्प्रेस | २६ मे, दुपारी ३:२५

वा! धाग्यावरच्या लोकांनी घरबसल्या वॉशर शोधून दिला. रेवसताईंना पापलेटचं जेवण लागू.

कृष्णाकाठचा | २६ मे, दुपारी ४:००

सागर, शाफ्टचे आटे बघून घ्या. पिन तुटताना नटाने शेवटचे आटे ओरबाडलेले असू शकतात. नवा खाचांचा नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. मध्येच अडकला तर जोर लावू नका, आधी आटे साफ करून घ्या. आणि इतके दिवस पंखा आदळत होता, तर ऑइल सीलही बघा.

ऑकलंडवासी | २७ मे, पहाटे ५:१०

वॉशरची तिरपी बाजू शाफ्टच्या तिरप्या भागाकडे, म्हणजे इंजिनकडे. उलटा घातलात तरी पंखा नीट बसणार नाही. कोरडा, ग्रीस न लावता एकदा घालून बघा, आपोआप जागेवर बसतो.

देवबागचा_सागर | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

मंडळी, पावसाळाभर धागा खाली गेला होता, वर काढतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी होती आणि पर्यटनही बंद, त्यामुळे निवांत काम करता आलं.

गिअर ऑइल काढलं, थोडं पांढुरकं होतं. दोन्ही सील बदलून घेतली. आटे ठीक निघाले, फक्त शेवटच्या दोनांवर खरचट होती, ती मेकॅनिकने साफ करून दिली. या वेळी तो स्वतः घरी आला आणि आम्ही दोघांनी मिळून बसवलं.

आधी सगळं कोरडं. थ्रस्ट वॉशर, पंखा, मागचा स्पेसर, वॉशर, नट. नट हाताने टेकला तेव्हाच शाफ्टचं भोक खाचांच्या पातळीत आलं होतं. मे महिन्यातला फोटो शेजारी धरला, फरक डोळ्यांना दिसत होता. मग उतरवून ग्रीस लावलं, ठोकळा लावला आणि रेवसताईंचा मासळीचा काटा. १४ किलोंवर थांबलो. खाच थोडी मागे राहिली, म्हणून जलयंत्र सरांनी सांगितल्याप्रमाणे पुढे आवळून जुळवली. स्टेनलेसची नवी पिन, दोन्ही पाय वळवले. बायकोची नेलपेंट मागितली, तिला वाटलं मी मस्करी करतोय.

पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून बघितला. जरासुद्धा हलला नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच खाडीत गेलो. उथळ पाण्यात, नांगर पायाशी ठेवून, वीसेक वेळा पुढे आणि रिव्हर्स. 'टक्' नाही. परत येऊन रेघ बघितली, सरळ.

मालवणी_तांडेल | ९ ऑगस्ट, रात्री ८:०५

बरा केलंस झिला. आता पयल्या चार फेऱ्यांनंतर परत एकदा हात लावून बघ. नवो पंखो जरा बसता.

रेवस_करंजा | ९ ऑगस्ट, रात्री ८:३०

आणि जुन्या पंख्याचं पातं सरळ करून घेऊन तो जास्तीचा म्हणून होडीत ठेव. एक थ्रस्ट वॉशरही नवा घे, कृष्णाकाठच्या दादांच्या पिशवीत तोही आहे बघ.

देवबागचा_सागर | ९ ऑगस्ट, रात्री ८:४२

ताई, दोन मागवले आहेत. एक माझ्या पिशवीत, एक मला त्या दिवशी ओढून आणणाऱ्या शेजाऱ्याला. त्याचं इंजिनही ४० चंच आहे, उद्या सकाळी त्याचा पंखा काढून बघणार आहोत.